बॅलेची निवासी शाळा: अकराव्या वर्षी मुलाला पाठवायचं की थांबायचं?

ऑडिशनचा निकाल वसंतात लागतो आणि निवड झाली तर होकार-नकार कळवायला हाताशी मोजके दिवस असतात. त्या दिवसांत शांतपणे विचार होत नाही. मूल हवेत तरंगत असतं, पुण्याला आजी-आजोबांना फोन गेलेला असतो, आणि आता नाही म्हणणं म्हणजे मुलाच्या ताटातलं काढून घेणं, असं वाटायला लागतं. म्हणून हा विचार निदान दीड वर्ष आधी, मूल नऊ-साडेनऊचं असतानाच सुरू करावा. खालची माहिती ब्रिटनमधल्या शाळांना धरून आहे. तिथे ही व्यवस्था जुनी आहे, तिला सरकारी अर्थसाहाय्य आहे, आणि लंडन, स्लाव, रेडिंग, बर्मिंगहॅम या पट्ट्यातल्या मराठी घरांतल्या मुलीही बॅलेच्या वर्गाला जातात.

मूल त्या तोडीचं आहे का, हे शाळा ऑडिशनमध्ये ठरवते. ते तुम्ही ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. तुम्ही ठरवायचं ते एवढंच: पुढचं एक वर्ष या मुलासाठी तिथे जास्त बरं जाईल की घरी? फक्त एक वर्ष. आणि हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारायचा.

ही शाळा म्हणजे काय

आपल्याकडे कथक किंवा भरतनाट्यम शिकणारं मूल दिवसभर साध्या शाळेत असतं, संध्याकाळी गुरूंकडे जातं, आणि चाळिशीत त्याचा अभिनय अधिक गहिरा होतो. बॅलेचं घड्याळ वेगळं चालतं. व्यावसायिक नर्तकाची पहिली नोकरी अठरा-एकोणिसाव्या वर्षी लागते आणि बहुतेकांची रंगमंचावरची कारकीर्द पस्तिशी-चाळिशीच्या आसपास संपते. त्या पहिल्या नोकरीसाठी लागणारं शरीर वाढीच्या वयातच घडवावं लागतं, म्हणून अकरा ते सोळा या वयासाठी स्वतंत्र शाळा निघाल्या. तिथे रोजचं शालेय शिक्षण आणि वयानुसार दोन ते चार तास नृत्य एकाच छपराखाली होतं. शनिवारीही बहुधा वर्ग असतात.

इंग्लंडमध्ये सरकारच्या म्युझिक अँड डान्स स्कीममध्ये, म्हणजे शुल्काला मदत देणाऱ्या योजनेत, नृत्याच्या चार शाळा आहेत. रॉयल बॅले स्कूल 1926 साली निनेट द व्हॅल्वा यांनी सुरू केली. तिचा अकरा ते सोळा वयाचा विभाग 1955 पासून लंडनच्या रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये आहे आणि सोळानंतरचा कॉव्हेंट गार्डनमध्ये, रॉयल ऑपेरा हाउसला लागून. एल्महर्स्ट 2004 मध्ये सरेमधून बर्मिंगहॅमच्या एजबास्टनमध्ये आली आणि बर्मिंगहॅम रॉयल बॅलेशी जोडलेली आहे. हर्टफर्डशरमधली ट्रिंग पार्क आणि चेस्टरची हॅमंड या दोन शाळांत बॅलेच्या जोडीला अभिनय आणि म्युझिकल थिएटरही शिकवतात.

हा फरक पालक सहसा नुसता वाचून सोडून देतात, पण त्याला फार वजन आहे. केवळ बॅलेच्या शाळेत तेराव्या वर्षी शरीर किंवा मन बॅलेपासून दूर गेलं, तर शाळाच सोडावी लागते: मैत्रिणी, खोली, शिक्षक, सगळं एकदम. जिथे इतर अभ्यासक्रम आहेत तिथे मूल त्याच इमारतीत दुसऱ्या वाटेला वळू शकतं. नाटक आणि गाणंही तितकंच आवडणाऱ्या मुलासाठी दुसऱ्या प्रकारची शाळा आधी पाहा, तिचं नाव कमी गाजलेलं असलं तरी.

वेळापत्रक, आणि इलेव्हन प्लसशी होणारी टक्कर

इयर फाइव्हमध्ये, म्हणजे नऊ-दहाव्या वर्षी, असोसिएट वर्गांसाठी प्रयत्न करावा. रॉयल बॅले स्कूलचे ज्युनिअर असोसिएट वर्ग वेगवेगळ्या शहरांत भरतात, एल्महर्स्टचेही असे वर्ग आहेत. मूल घरी राहतं, आपल्या नेहमीच्या शिक्षिकेकडे शिकतं आणि ठरावीक दिवशी त्या मोठ्या शाळेच्या शिक्षकांसमोर उभं राहतं. पुढच्या निर्णयासाठी याहून चांगली चाचणी नाही. अनोळखी मुलांत, अनोळखी शिक्षकासमोर, आपण वर्गातले सर्वात हुशार नाही हे कळल्यावर मूल कसं वागतं, ते इथे दिसतं. उन्हाळ्यातला एक निवासी अभ्यासक्रमही याच वर्षी करून घ्यावा.

इयर सिक्सच्या शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात प्राथमिक ऑडिशन, वसंतात अंतिम फेरी आणि सप्टेंबरमध्ये प्रवेश, असा साधारण क्रम असतो. प्राथमिक फेरी म्हणजे बारवरचा (आधाराला धरायच्या आडव्या दांड्यापाशी) आणि मधल्या जागेतला साधा वर्ग. या वयात पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचे टणक टोकाचे शूज, कुणी मागत नाही. अंतिम फेरीत नृत्याशिवाय फिजिओथेरपिस्टकडून शरीराची तपासणी, अभ्यासाची छोटी चाचणी आणि मुलाशी गप्पा असू शकतात.

त्याच वर्षी ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांची, इलेव्हन प्लस परीक्षा असते. नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यात संपते आणि परीक्षा सप्टेंबरच्या सुमाराला होते. आपल्या घरांत या परीक्षेची शिकवणी दोन-दोन वर्षं चालते. दोन्ही करायचं असेल तर इयर फाइव्हमध्येच आठवड्याचा कागद मांडा: शाळा, शिकवणी, नृत्य, प्रवास, आणि नऊ-दहा तासांची झोप. झोप आठ तासांवर आली तर काहीतरी काढून टाका. लहान खेळाडूंसाठी डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात, आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांच्या मुलीला दहा तास म्हणजे भरपूर झाले.

बॅलेच्या शाळेवर कितीही भरवसा असला तरी स्थानिक माध्यमिक शाळेचा अर्ज 31 ऑक्टोबरपूर्वी भरा. इंग्लंडमध्ये त्या जागांचा निकाल 1 मार्चला लागतो. हा अर्ज भरला नाही आणि ऑडिशनमध्ये नकार आला, तर कुठेतरी उरलेली जागा मिळते. मग नकाराचं दुःख आणि नको असलेली शाळा, दोन्ही एकाच वेळी मुलाच्या पदरी पडतात.

शरीर: ज्यावर कष्टाचा इलाज नाही आणि ज्यावर आहे

बॅलेचा पाया म्हणजे टर्नआउट, दोन्ही पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेले. पहिल्या पोझिशनमध्ये, टाचा जुळवून उभं राहिल्यावर, पावलांची सरळ रेघ दिसते, म्हणजे प्रत्येक पाय नव्वद अंश वळलेला. त्यातले साधारण साठ ते सत्तर अंश खुब्यातून यायला हवेत. उरलेले गुडघ्याखालचं हाड आणि पाऊल देतं. खुब्याकडे तेवढं फिरणं नसेल, तर मूल पावलं जमिनीवर घट्ट रोवून पाय पिळतं. पावलाची कमान आत कोसळते, गुडघा आतल्या बाजूला येतो, कमरेला खळगा पडतो. पुढे घोट्याची, गुडघ्याची आणि कमरेची दुखणी यातूनच निघतात. भरतनाट्यममध्ये अरमंडीत बसताना गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच राहायला हवा म्हणतात, त्यामागचं कारणही हेच आहे.

खुब्यातलं फिरणं बऱ्याच अंशी मांडीच्या हाडाच्या ठेवणीवर ठरतं आणि दहा-अकराव्या वर्षानंतर ती ठेवण फारशी बदलत नाही. लहानपणापासून गुडघे पुढे आणि पावलं दोन्ही कुशींना मागे टाकून बसणं ज्या मुलाला सोपं जातं, आणि मांडी घातली की ज्याचे गुडघे वर राहतात, त्याच्या खुब्याचा कल आत फिरण्याकडे असतो. हा केवळ इशारा समजा. खरी मोजणी नर्तकांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून, मुलाला पालथं झोपवून, गुडघा वाकवून करून घ्यावी. त्यासाठी एक भेट पुरते. बेडकासारखं पालथं झोपवून मुलाच्या मांड्या खाली दाबणं हा काही वर्गांत चालणारा प्रकार मात्र ताबडतोब थांबवा. त्याने हाड बदलत नाही, सांध्याचं अस्तर दुखावतं.

पाऊल पाहायला पेन्सिल पुरते. मुलाला पाय लांब करून बसवा, पाऊल पूर्ण ताणायला सांगा आणि घोट्याच्या वरच्या अंगाला पेन्सिल आडवी ठेवा. ती नडगी आणि पाऊल दोन्हींवर सपाट टेकली तर ताण पुरेसा आहे. टेकली नाही तर पुढे पॉइंटवर उभं राहताना वजन बोटांच्या मागे पडेल आणि घोट्याच्या मागची जागा चेपली जाईल. यात सरावाने थोडा फरक पडतो, फार नाही.

अति लवचिक मूल पाहून पालक खूश होतात. अंगठा मनगटाला टेकतो, गुडघे मागे वळतात, स्प्लिट सहज होतो. बॅलेला ही रेषा आवडते, पण सांधे सैल असलेल्या मुलाला त्या सांध्यांभोवती दुप्पट ताकद कमवावी लागते, नाहीतर तेच आधी जायबंदी होतं. अशा मुलाच्या बाबतीत शाळेत ताकदीचे व्यायाम वेगळे घेतात का, हा प्रश्न पहिला विचारा.

आता वाढ. मुलींची उंची सर्वात झपाट्याने साडेअकरा-बाराच्या आसपास वाढते, मुलग्यांची साडेतेरा-चौदाच्या. हाडं आधी लांबतात, स्नायू मागाहून पोचतात. त्या सहा-आठ महिन्यांत लवचिकता घटते, तोल जातो, काल येणारी गिरकी आज येत नाही, गुडघ्याखाली किंवा टाचेला दुखतं. म्हणजे मुलगी घरापासून दूर, नव्या शाळेत, रोज आरशासमोर उभी असते नेमक्या त्याच वर्षी तिचं शरीर तिचं ऐकेनासं होतं. हे तिला आधी सांगून ठेवा. शाळेला विचारा की वाढीच्या काळात उड्या आणि पॉइंटचं काम कमी करता का, आणि उंची किती महिन्यांनी मोजता. दर तीन महिन्यांनी मोजून नोंद ठेवणारी शाळा या बाबतीत जागरूक आहे, असं समजायला हरकत नाही.

पॉइंट शूज कधी, याला वयाचं एकच उत्तर नाही. बारा वर्षं झाली म्हणून शूज देणं चुकीचं आहे आणि मैत्रिणीला मिळाले म्हणून मागणंही. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, निदान वीस वेळा टाच उचलता येते का? एका पायावर पुढे झुकून, दुसरा पाय मागे लांब करून, पाच वेळा प्लिए घेताना (गुडघा वाकवताना) चार वेळा तरी गुडघा पावलाच्या रेषेत राहतो का? एका पायावरच्या सोळा उड्यांपैकी निदान निम्म्या वेळा पाऊल नीट, शांतपणे टेकतं का? एक स्वच्छ पिरुएट, म्हणजे एका पायावरची गिरकी, होते का? हे सगळं जमल्यावर शूज. ज्या स्थानिक वर्गात आठ-नऊ वर्षांच्या मुलींना पॉइंटवर चढवतात, तिथून मूल काढा, निवासी शाळेचा विचार असो वा नसो.

जेवण आणि पाळी

या शाळांमधला सर्वात गंभीर धोका पडण्या-मुरगळण्याचा नाही, कमी खाण्याचा आहे. शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं तितकी पोटात गेली नाही की आधी पाळी लांबते किंवा सुरूच होत नाही, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि पायाच्या हाडांना बारीक चिरा जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला रेड-एस हे नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते. पंधरा वर्षांपर्यंत पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन सलग तीन महिने बंद राहिली, तर डॉक्टरकडे जायचं. "नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे उत्तर कुणाकडूनही, अगदी शिक्षिकेकडूनही, ऐकून घ्यायचं नाही.

शाकाहारी घरातल्या मुलाच्या बाबतीत शाळेच्या स्वयंपाकघराचा आठवड्याचा तक्ता मागवा. रोज चीज-पास्ता आणि सॅलड याला शाकाहारी जेवण म्हणत असतील तर प्रश्न आहे. दोन्ही जेवणांत डाळ, राजमा, टोफू, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं, असं काहीतरी हवं. जाण्याआधी रक्तातलं लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ब्रिटनमधली आरोग्यसेवा सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते, आणि जे मूल उजेडाचे तास स्टुडिओत काढतं त्याला तर त्याची जास्तच गरज. गोळी रोज कोण देणार, मेट्रन (वसतिगृहात मुलांची काळजी घेणारी बाई) की मूल स्वतः, हेही ठरवून घ्या. अकरा वर्षांचं मूल विसरतं.

मन: कुणाची हौस, हे कसं ओळखावं

मुलाला थेट विचारून उपयोग नाही. ते हो म्हणतं. त्यापेक्षा एक महिना पाहा. वर्गाची पिशवी कोण भरतं? वर्ग रद्द झाला तर त्याचा चेहरा पडतो की सुटका झाल्यासारखा होतो? शिक्षिकेने चूक काढल्यावर ते घरी येऊन तेवढंच करून पाहतं, की गप्प होतं? कार्यक्रम आणि पोशाख आवडणारी मुलं पुष्कळ असतात. निवासी शाळेत मात्र वर्षाचे बहुतेक दिवस बारशी उभं राहून तीच प्लिए, तीच तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं) करण्यात जातात. ज्या मुलाला त्या कंटाळवाण्या भागातच काहीतरी सापडतं, त्याच्यासाठी ही जागा आहे.

वसतिगृहासाठी वेगळी पारख लागते. ऑडिशनच्या आधी मूल तीनदा, निदान पाच-पाच रात्री, आई-बाबांशिवाय राहिलेलं असावं: एकदा नातेवाइकांकडे, एकदा शाळेच्या सहलीला, एकदा उन्हाळी नृत्यवर्गाला. रडलं तरी हरकत नाही. रडून झाल्यावर ते झोपतं का, सकाळी खातं का, आणि काही दुखलं-खुपलं तर एखाद्या मोठ्या माणसाला स्वतःहून सांगतं का, हे पाहायचं. यातली शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. आपल्याकडे "चालवून घे", "तक्रार करू नको" हे संस्कार म्हणून शिकवलं जातं आणि चांगल्या हेतूनेच शिकवलं जातं. बॅलेच्या शाळेत हेच अंगाशी येतं, कारण तिथे दुखणं लपवणाऱ्या मुलाला शिस्तीचं म्हणून शाबासकी मिळू शकते. "दुखतंय" हा शब्द न लाजता उच्चारायला शिकवणं हा जाण्याच्या तयारीचा भाग माना.

शाळा पाहायला गेल्यावर

खुल्या दिवशी सगळं चकचकीत असतं. शक्य असेल तर साध्या दिवशी पुन्हा जा आणि जेवणाच्या वेळी जा. ताटात किती उरतं ते पाहा. मुलांना लागलं-दुखलं तर ती वर्गाच्या कडेला बसलेली दिसतात का? ज्या शाळेत एकही मूल बसलेलं दिसत नाही, तिथे मुलं दुखणं लपवत असावीत असा माझा अंदाज राहील.

2023 मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात ब्रिटनमधल्या बॅले शाळांतल्या माजी विद्यार्थ्यांनी शरीरावरून होणाऱ्या टोमण्यांबद्दल आणि त्यातून सुरू झालेल्या खाण्याच्या विकारांबद्दल जाहीरपणे सांगितलं. तेव्हापासून हा विषय काढणाऱ्या पालकाकडे कुणी विचित्र नजरेने पाहत नाही. सरळ विचारा: मुलांचं वजन करता का, कोण करतं, आकडा मुलाला सांगतात का? शरीराच्या आकाराबद्दल शिक्षकाने काय बोलायचं नाही, याचा लेखी नियम आहे का? मुलाला तक्रार करायची तर नृत्यविभागाबाहेरचं कोण आहे? उत्तर देणारी व्यक्ती नियम दाखवते की "आमच्याकडे असं होत नाही" म्हणते, यावरून बरंच कळतं. इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टरेटचे तपासणी अहवाल सर्वांसाठी खुले असतात. त्यातला वसतिगृहाचा आणि मुलांच्या सुरक्षिततेचा भाग वाचा, आणि शेवटचा एकच न वाचता आधीचे दोनही वाचा.

मग आकडे मागा. "आमचे जवळजवळ सगळे पदवीधर नोकरीला लागले" या वाक्यात अकराव्या वर्षी आलेल्या आणि चौदाव्या वर्षी गेलेल्या मुलांचा हिशोब नसतो. विचारायचं असं: सात वर्षांपूर्वी इयर सेव्हनमध्ये किती मुलं आली? त्यातली इयर इलेव्हनपर्यंत किती टिकली? किती जणांना वरच्या विभागात जागा मिळाली, आणि बाहेरून, परदेशातून किती आली? नोकऱ्यांपैकी पगारी किती, शिकाऊ किती? आणि त्या कुठल्या देशांत? शेवटचा प्रश्न ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांनाही लागू आहे. ब्रेक्झिटनंतर जर्मनी किंवा नेदरलँड्समधल्या कंपनीत काम करायला त्यांनाही परवाना लागतो, आणि नोकऱ्यांचा मोठा हिस्सा युरोपातच आहे.

वार्षिक मूल्यमापनाबद्दलही इथेच बोलून घ्या. काही शाळा वर्षअखेर मुलाला "पुढच्या वर्षी जागा नाही" असं सांगू शकतात. किती आधी सांगतात, एका वर्षाची सूचना देतात का, परीक्षेच्या वर्षात, म्हणजे इयर टेन आणि इलेव्हनमध्ये, कुणाला काढतात का, हे लेखी हवं. जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या) मध्यावर शाळा बदलली की परीक्षामंडळ आणि विषय जुळत नाहीत, आणि त्याची किंमत मूल दोन वर्षं मोजतं. अभ्यासात किती विषय घेता येतात आणि तिन्ही विज्ञानं स्वतंत्र घेता येतात का, हेही पाहा. पुढे वैद्यक किंवा इंजिनीअरिंगचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर हे आत्ताच बघायला हवं.

पैसे, व्हिसा

पूर्ण शुल्क कुठल्याही महागड्या ब्रिटिश निवासी शाळेइतकं असतं आणि 1 जानेवारी 2025 पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर 20 टक्के व्हॅट आहे. सांगितलेला आकडा व्हॅटसह आहे का, ते विचारा. म्युझिक अँड डान्स स्कीमची मदत पालकांच्या उत्पन्नावर ठरते: उत्पन्न कमी तितकी मदत जास्त. मध्यम पगाराच्या घरालाही बराच भार हलका होतो, म्हणून शुल्काचा आकडा पाहूनच अर्ज सोडून देऊ नका. शुल्काबाहेरचा खर्च वेगळा मांडा. पॉइंटवर रोज काम करणाऱ्या मुलीचा शूजचा एक जोड आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होतो. त्याशिवाय वाढत्या अंगाचे कपडे, फिजिओ, उन्हाळी वर्ग, सुट्ट्यांमधला प्रवास. टाइट्स आणि शूज त्वचेच्या रंगाचे चालतात का, हे विचारायला संकोच नको. फ्रीड ऑफ लंडनने बॅले ब्लॅक या कंपनीसोबत 2018 मध्ये तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज आणले, त्यामुळे "मिळत नाहीत" हे कारण आता उरलेलं नाही.

मुंबई-पुण्यातून थेट पाठवण्याचा विचार असेल तर गणित पूर्ण बदलतं. ही सरकारी मदत तिथल्या वास्तव्याच्या अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून पूर्ण शुल्क धरून चाला. मुलाला चाइल्ड स्टुडंट व्हिसा लागतो. मुलासोबत राहायचा पालकांचा व्हिसा बारा वर्षांखालच्या, रोज घरून जाणाऱ्या मुलांपुरता आहे, त्यामुळे निवासी शाळेत मूल एकटंच असेल. लहान सुट्ट्यांत वसतिगृह बंद होतं, तेव्हा ते कुणाकडे राहणार? ब्रिटनमधला पालकत्व घेणारा माणूस ठरलेला हवा. तो जवळचा नातेवाईक नसेल आणि सोळा वर्षांखालचं मूल त्याच्याकडे 28 दिवस किंवा अधिक राहणार असेल, तर स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. इतकं सगळं अकराव्या वर्षी करण्यापेक्षा मुंबईत चांगल्या शिक्षकाकडे पाया घट्ट करून, रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा देऊन, सोळाव्या वर्षीच्या प्रवेशासाठी तयारी करणं बहुतेक घरांना अधिक झेपतं. नवी मुंबईचा आमिरुद्दीन शाह बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे मुंबईत शिकून रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला, तोही किशोरवयात. मुलग्यांच्या बाबतीत तर उशिरा सुरुवात फारशी आड येत नाही.

घरी राहून काय करता येतं

अकरावं वर्ष म्हणजे शेवटची गाडी, ही भीती खोटी आहे. सोळाव्या वर्षी रॉयल बॅले स्कूलच्या वरच्या विभागात, 1982 साली सुरू झालेल्या सेंट्रल स्कूल ऑफ बॅलेमध्ये, 1988 च्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये नव्याने निवड होते, आणि घरून शिकलेली मुलं तिथे पोचतात. त्यासाठी अकरा ते तेरा या वयात आठवड्याला चार-पाच बॅलेवर्ग, एखादा समकालीन नृत्याचा, ताकदीचे व्यायाम, आणि सुट्टीच्या दिवशी असोसिएट वर्ग, एवढं लागतं. चौदानंतर तास वाढवावे लागतात. खरी अडचण शिक्षक मिळण्याची असते. दोनच मुलींच्या वर्गात मूल एकटं पडतं. आणि जी शिक्षिका फक्त परीक्षेचे नाच बसवते, एकामागून एक ग्रेड पास करवते, पण मोकळा वर्ग घेत नाही, तिच्याकडे पाच वर्षं काढून सोळाव्या वर्षीच्या ऑडिशनमध्ये मूल गोंधळतं, कारण तिथे न ऐकलेली रचना दोनदा दाखवून लगेच करायला सांगतात. जवळ चांगली शिक्षिका असेल तर थांबा. तासभराच्या परिघात कुणीच नसेल आणि मूल खरोखर भुकेलं असेल, तर निवासी शाळेच्या बाजूने हे सर्वात मोठं कारण आहे.

शिक्षिकेचं मत घ्या, पण एकाच शिक्षिकेचं नको. विद्यार्थिनी मोठ्या शाळेत गेली की तिच्या वर्गाचं नाव होतं, आणि राहिली की वर्ग टिकतो. दोन्हीत तिचं काहीतरी गुंतलेलं असतं. असोसिएट वर्गातल्या शिक्षकाला वेगळं विचारा.

पाठवलंच तर

पहिलं सत्र रडण्याचं असतं, त्यावरून काही ठरवू नका. फोन रोज ठरलेल्या वेळी, छोटा, आणि शक्यतो मराठीत ठेवा. खोलीत इतर मुली असताना घरच्या भाषेत मनातलं बोलता येतं. "आज वर्गात काय म्हणाले?" यापेक्षा "आज काय जेवलीस, कुणाशी हसलीस?" असं विचारा. सुट्टीला आल्यावर पहिले तीन दिवस नृत्याचा विषय काढू नका आणि जेवताना पाहा: ताटातला भात बाजूला सारते का, पोळीला लावलेलं तूप पुसते का, थंडी सारखी वाजते का, केस गळतात का? नडगी किंवा पावलाच्या एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळवळते आणि रात्रीही दुखतं, तर ती हाडाची चीर असू शकते. सुट्टी संपायची वाट न पाहता तपासणी करा.

फेब्रुवारीच्या सुट्टीत तिघांनी बसून वर्षभराचा प्रश्न पुन्हा विचारायचा. फेब्रुवारीतच, कारण बहुतेक खाजगी शाळांच्या करारात मूल काढायचं तर पूर्ण एका सत्राची लेखी सूचना लागते, नाहीतर पुढच्या सत्राचं शुल्क भरावं लागतं. सप्टेंबरपासून मूल परत घरी हवं असेल तर ती सूचना ईस्टरच्या सुट्टीनंतर सत्र सुरू होण्याआधी पोचायला हवी. करारावर सही करताना तो परिच्छेद शोधा, नेमकी तारीख काढा आणि तिच्या दोन आठवडे आधीचा दिवस फोनमध्ये नोंदवून ठेवा.